साक्ष आणि श्रोता

हिटलरच्या छळछावण्यांतून जे जिवंत परतले त्यांच्या आठवणी जगाने लगोलग उत्कंठेने वाचल्या असतील, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. इटालियन लेखक प्रीमो लेव्ही यांची हकीकत ती समजूत खोटी ठरविते.

लेव्ही यांचा जन्म १९१९ साली तुरीन येथील एका सुशिक्षित ज्यू कुटुंबात झाला. मुसोलिनीच्या राजवटीने १९३८ मध्ये केलेल्या वंशविषयक कायद्यांनी ज्यूंना विद्यापीठांची दारे बंद झाली. परंतु आधीच दाखल झालेल्या लेव्हींना अभ्यासक्रम पुरा करता आला. १९४१ मध्ये त्यांनी रसायनशास्त्राची पदवी सर्वोच्च गुणांनी मिळविली. प्रमाणपत्रावर मात्र ज्यू वंशाचा शेरा होता. १९४३ च्या अखेरीस डोंगरातील एका नवख्या प्रतिकारपथकासह ते पकडले गेले, आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी सुमारे ६५० ज्यूंना घेऊन फोसोलीहून निघालेल्या गाडीत त्यांना कोंबण्यात आले. त्यांतील बहुतेकांना ऑशविट्झला पोहोचताच विषारी वायूने ठार करण्यात आले.

लेव्हींच्या हातावर १७४५१७ हा क्रमांक गोंदला गेला. जवळच्या मोनोवित्झ येथे आय. जी. फार्बेन ही बलाढ्य कंपनी कैद्यांच्या श्रमावर कृत्रिम रबराचा कारखाना उभारीत होती. (त्यातून रबर कधी बाहेर पडलेच नाही!) लेव्ही वाचले ते कशामुळे? लोरेन्झो पेरोने नावाचा एक इटालियन गवंडी सहा महिने त्यांना चोरून अन्न पुरवीत राहिला. रसायनशास्त्राच्या ज्ञानामुळे अखेरच्या हिवाळ्यात प्रयोगशाळेत, छपराखाली काम मिळाले. जानेवारी १९४५ मध्ये नाझींनी कैद्यांना बर्फातून पायी हाकलले, तेव्हा स्कार्लेट ज्वरामुळे ते छावणीतच पडून राहिले. यात आपले कर्तृत्व आहे असा दावा त्यांनी कधीच केला नाही. किंबहुना खरे साक्षीदार ते, जे परत आले नाहीत, असेच ते मानीत.

छावणीत त्यांना एक स्वप्न वारंवार पडे. आपण घरी परतलो आहोत, सारे सांगत आहोत, पण कोणी ऐकत नाही. सख्खी बहीणही उठून निघून जाते. ते स्वप्न बरेचसे खरे ठरले. एनाउदी या मातब्बर प्रकाशनसंस्थेने त्यांचे हस्तलिखित नाकारले. नकार देणाऱ्या नतालिया गिन्झबुर्ग स्वतः ज्यू पित्याच्या कन्या होत्या. त्यांचे पती १९४४ मध्ये रोमच्या तुरुंगात छळामुळे मरण पावले होते. तेव्हा हा दोष निर्दयपणाचा म्हणता येत नाही; जखम ताजी असणाऱ्यांनाच ती पाहणे नकोसे झाले होते. अखेर १९४७ मध्ये एका लहान प्रकाशकाने २,५०० प्रती छापल्या. त्यांतील न खपलेल्या शेकडो प्रती फ्लॉरेन्सच्या गोदामात पडून राहिल्या आणि १९६६ च्या महापुरात नष्ट झाल्या.

मधल्या काळात लेव्ही रंगाच्या कारखान्यात नोकरी करीत होते. १९५८ मध्ये एनाउदीनेच ते पुस्तक पुन्हा काढले आणि १९६१ मध्ये ते जर्मन भाषेत गेले. पुढे शाळाशाळांतून त्यांना बोलावणी येऊ लागली. एका वर्गात एका मुलाने त्यांच्याकडून छावणीचा नकाशा फळ्यावर काढून घेतला, पळून जाण्याची बारकाईने आखलेली योजना त्यांना समजावून दिली आणि पुढच्या खेपेस तसेच करण्याचा सल्ला दिला. हा प्रसंग त्यांनी १९८६ मधील आपल्या पुस्तकात नमूद केला. ११ एप्रिल १९८७ रोजी, ज्या घरात जन्मले त्याच घरी, त्यांचा मृत्यू झाला.