अथीना

सन १८५० चा जून महिना होता. ग्रीस देशातील अथेन्स शहरात, पार्थेनॉन या प्राचीन मंदिराच्या परिसरात काही मुले घरट्यातून पडलेल्या घुबडाच्या पिल्लाला छळत होती. प्रवासास आलेल्या तीस वर्षांच्या एका इंग्रज तरुणीने ते पाहिले व त्या पिल्लाची सुटका केली. ही तरुणी म्हणजे आधुनिक परिचर्येचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल.

त्यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात, एका श्रीमंत इंग्रज कुटुंबात झाला. रुग्णांची सेवा करावी, ही त्यांची तरुणपणापासूनची इच्छा होती. परंतु त्या काळी हे काम हलके समजले जाई. त्यामुळे घरच्यांचा त्यास तीव्र विरोध होता.

आपल्याकडे काही लोक घुबडाला अशुभ मानतात. प्राचीन ग्रीक लोक मात्र त्याला ज्ञानदेवता अथीना हिचा पक्षी मानत. म्हणून फ्लॉरेन्स यांनी पिल्लाचे नाव अथीना ठेवले. आपल्या परिचयाच्या पिंगळ्याच्या जातकुळीतील हे लहानसे घुबड. त्या त्याला स्वतःच्या हाताने भरवीत आणि खिशात घालून सर्वत्र नेत. त्याच प्रवासात त्यांनी जर्मनीतील कैसरस्वर्थ येथील सेवासंस्थेला भेट दिली आणि १८५१ मध्ये तेथेच परिचर्येचे शिक्षण घेतले.

१८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धातील जखमी सैनिकांच्या हालांच्या वार्ता इंग्लंडमध्ये येऊन पोहोचल्या. फ्लॉरेन्स यांच्यावर परिचारिकांचे पथक नेण्याची जबाबदारी आली. निघण्याच्या धांदलीत अथीनाला माळ्यावर ठेवण्यात आले. तेथील उंदरांवर ती जगेल, असे घरच्यांना वाटले. परंतु माणसाच्या हातून खाण्याची सवय जडलेला तो पक्षी तेथे जगू शकला नाही. फ्लॉरेन्स यांना अतिशय दुःख झाले. ते दुःख मनात घेऊनच २१ ऑक्टोबर १८५४ रोजी त्या ३८ परिचारिकांसह निघाल्या.

तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात जखमांपेक्षा रोगांनीच अधिक सैनिक मरत होते. फ्लॉरेन्स यांनी स्वच्छ कपडे, योग्य आहार आणि रात्रंदिवस देखरेख यांची व्यवस्था लावली. १८५५ मध्ये सरकारी आरोग्य पथकाने तेथील गटारे व हवा खेळण्याची सोय सुधारली आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने घटले. या अनुभवाच्या आधारे त्यांनी १८५९ मध्ये परिचर्येवर पुस्तक लिहिले आणि १८६० मध्ये लंडनला परिचारिकांचे विद्यालय सुरू केले. दीर्घकाळ आजारी असलेल्या माणसाला एखाद्या लहान पाळीव प्राण्याची सोबत लाभदायक ठरते, असेही त्यांनी त्या पुस्तकात नमूद केले आहे.

१३ ऑगस्ट १९१० रोजी त्यांचे निधन झाले. अथीनाचा पेंढा भरलेला देह लंडनच्या संग्रहालयात जतन केलेला आहे.

अथीनाला वाचवण्यास क्षणभराची दया पुरेशी होती. तिला जगवण्यास मात्र रोजची काळजी हवी होती. रानातल्या पक्ष्याला माणसाची सवय लावणे त्याच्या हिताचे नसते, हे आज आपण जाणतो. म्हणून जखमी पक्षी आढळल्यास त्याला हवेशीर खोक्यात, अंधारात व शांत जागी ठेवावे, बळेच खाऊपिऊ घालू नये आणि वनविभागाला किंवा पशुवैद्याला त्वरित कळवावे. दयेला ज्ञानाची जोड मिळाली, तरच ती खरी सेवा ठरते.