एहा : साताऱ्यात जन्मलेला अळीवेडा

अळी दिसली की पंप पाठीला, ही आमच्या सेलूकडची रीत. कापसाचा भाग, तेव्हा अळी म्हणजे वैरीच. पण अळ्या घरी आणून, त्यांना पाला घालून वाढवणारा एक साहेब आपल्या महाराष्ट्रात होऊन गेला. त्याचं नाव एडवर्ड हॅमिल्टन एटकिन. लेखनातलं नाव ‘एहा’.

एहाचा जन्म १८५१ साली साताऱ्यात झाला. वडील स्कॉटिश मिशनरी, शिक्षण त्यांच्याच हाताखाली. मुंबई विद्यापीठातून तो बी.ए., एम.ए. झाला. १८७० ते १८७६ पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवलं आणि मग जकात व मीठ खात्यात नोकरी धरली. खाराघोडा, उरण, कारवार, रत्नागिरी अशा बदल्या होत राहिल्या. बंगल्याभोवतीचे उंदीर, बेडूक, कावळे, मुंग्या यांच्यावर त्याने इतकं गमतीदार लिहिलं की ती पुस्तकं आजही वाचली जातात. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या म्युझियममध्ये आठ जण जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. त्या आठांत एहा होता, तसेच डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुनही होते.

त्या काळी बरेच हौशी लोक फुलपाखरू जाळ्यात पकडायचे, टाचणीला लावायचे, की झालं. एहा, डेव्हिडसन आणि बेल या तिघांनी कारवार भागात अळीपासून सुरुवात केली. ती कुठला पाला खाते, कोष कसा करते, हे सगळं टिपलं. १८९६ पासून ते सोसायटीच्या जर्नलात छापून आलं.

अळ्या पाळणाऱ्याला एक धक्का ठरलेला असतो. कोषातून फुलपाखरू निघायची वाट बघावी, आणि एक दिवस कोषाला बारीक भोक पडून बाहेर येतात इवल्याशा गांधीलमाश्या! कोष आतून फस्त. तो फेकून द्यावासा वाटतो, पण खरी माहिती त्यातच असते. अळीने पान कुरतडलं की झाडातून वास सुटतो. त्या वासावर मादी येते, मिशांनी अळी चाचपते, जात बरोबर आहे का, आधी कोणी अंडी घातलीत का, ते बघते आणि सुईसारख्या अवयवाने अंडी आत सोडते. काही जाती अंड्यांसोबत विषाणूही सोडतात, त्याने अळीची प्रतिकारशक्तीच बंद पडते. टेरोमॅलस तर फारच धोरणी. ती वाढलेल्या अळीशेजारी बसून राहते आणि कोष ताजा, मऊ असतानाच अंडी घालते.

कुठली माशी कोणाला खाते, हे अळी पाळल्याशिवाय कळत नाही. आणि ते कळलं तर शेतकऱ्याचा पैसा वाचतो. ट्रायकोग्रामा नावाची, जेमतेम अर्धा मिलिमीटरची माशी बोंडअळीच्या अंड्यातच आपलं अंडं घालते. तिची कार्डं मिळतात, एका कार्डावर सुमारे २० हजार माश्या. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने मराठवाडा-विदर्भातला कापूस खाल्ला, तेव्हा फवारण्यांवर फवारण्या झाल्या. फवारणीत अळीसोबत ही माशीही मरते, याचा हिशोब मात्र कोणी ठेवत नाही.

एहा १९०६ साली निवृत्त झाला आणि १९०९ साली एडिनबरोत वारला. डासाच्या एका जातीला त्याचं नाव आहे, ॲनॉफेलिस एटकेनी. कुठली पदवी या विषयातली नाही, नोकरी मिठाची, आणि तरी एवढं काम! आपल्याकडे तर होस्टेलमागे कढीपत्त्याचं झाड आहे. त्यावरची एखादी अळी डबीत ठेवून बघा. फुलपाखरू निघालं तर उत्तम, माश्या निघाल्या तर तारीख लिहून ठेवा.