धन्यवादित व्हिक्तुआर रासोआमानारिवो : आंदोहालोच्या कॅथेड्रलची राखणदार

हिंदी महासागरातील मादागास्कर बेटाची राजधानी आंतानानारिव्हो डोंगरउतारांवर वसलेली आहे. शहराच्या वरच्या भागात, राजवाड्याच्या टेकडीकडे जाणाऱ्या चढावर आंदोहालो नावाचे एक जुने मैदान लागते. पूर्वी राजघराण्याची फर्माने याच मैदानात प्रजेला ऐकवली जात. मैदानालगत दोन मनोऱ्यांचे एक दगडी मंदिर उभे आहे. पवित्र मारियेच्या निष्कलंक गर्भसंभवाला वाहिलेले हे कॅथेड्रल येशूसंघीय मिशनरींनी १८७३ ते १८९० या काळात बांधले. जवळच आंपामारिनानाचा कडा आहे. १८४९ साली ख्रिस्ती श्रद्धेचा त्याग करण्यास नकार देणाऱ्या भाविकांना या कड्यावरून ढकलून देण्यात आले होते. ते प्रोटेस्टंट पंथाचे होते, परंतु त्यांच्या रक्ताचे मोल सगळेच ख्रिस्ती जाणतात.

या कॅथेड्रलला भेट देणारा भाविक आत गुडघे टेकून झाल्यावर एका लहानशा समाधिस्थानाकडे वळतो. ही समाधी बिशपची नाही वा मिशनरीचीही नाही. ती एका प्रापंचिक, विवाहित स्त्रीची आहे. व्हिक्तुआर रासोआमानारिवो हे तिचे नाव.

व्हिक्तुआर यांचा जन्म १८४८ साली याच शहरात झाला. त्या काळी राणी रानाव्हालोना पहिली हिचे राज्य होते आणि ख्रिस्ती धर्मावर १८३५ पासून बंदी होती. घराणे म्हणाल तर राजघराण्याखालोखाल सत्ता असलेले. त्यांच्या आईचे वडील राइनिहारो हे राणीचे पंतप्रधान होते. पुढे मामा राइनिलाइआरिव्होनी हे पंतप्रधान झाले आणि त्यांनी एकापाठोपाठ तीन राण्यांशी विवाह करून तीस वर्षांहून अधिक काळ देशाचा कारभार हाकला. घरात पूर्वजांची पूजा, दास-दासी, मानमरातब सारे होते. फक्त ख्रिस्ताचे नाव नव्हते.

१८६१ साली राणी मरण पावली. तिचा पुत्र रादामा दुसरा याने देशाची दारे परकीयांना खुली केली. त्यापूर्वी १८५५ साली फादर मार्क फिनाझ या येशूसंघीय धर्मगुरूंनी वेष पालटून राजधानीत प्रवेश केला होता आणि गुप्तपणे पहिली मिस्सा अर्पण केली होती. आता येशूसंघीय उघडपणे आले. त्यांच्या मागोमाग क्लुनीच्या संत जोसेफ संघाच्या धर्मभगिनी आल्या आणि त्यांनी मुलींसाठी शाळा उघडली. तेरा वर्षांची रासोआमानारिवो त्या शाळेच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक होती. १ नोव्हेंबर १८६३ रोजी, सर्व संतांच्या सणादिवशी, तिचा स्नानसंस्कार झाला आणि तिने व्हिक्तुआर, म्हणजे विजया, हे नाव धारण केले.

त्यांना धर्मभगिनी होण्याची ओढ होती, परंतु घरच्यांचा बेत निराळा होता. १३ मे १८६४ रोजी त्यांचा विवाह मामाचा मुलगा राद्रिआका याच्याशी झाला. मामाच्या घरी मुलगी देण्याची रीत आपल्याकडेही असल्याने मराठी वाचकाला हे नाते समजावून सांगावे लागणार नाही. मामा सासरे झाले. विवाह धर्मगुरूंच्या साक्षीने लागला, मात्र राद्रिआका ख्रिस्ती नव्हता. तो सैन्यात अधिकारी होता, मद्यपी होता आणि बाहेरख्यालीही होता. घरात त्याचे वर्तन इतके लाजिरवाणे होते की खुद्द सासऱ्यांनी सुनेला घटस्फोट घेण्याचा सल्ला दिला.

येथे थोडे थांबले पाहिजे. त्या समाजात पतिपत्नींनी विभक्त होणे ही काही जगावेगळी गोष्ट नव्हती. राइनिलाइआरिव्होनी यांनी स्वतः राणीशी विवाह करण्यासाठी आपल्या सोळा मुलांच्या आईला दूर केले होते. म्हणजे व्हिक्तुआर यांच्यापुढे कायद्याची अडचण नव्हती, समाजाची नव्हती, कुटुंबाचीही नव्हती. अडचण होती ती एकच, की विवाहसंस्काराचे बंधन मनुष्याने तोडायचे नसते असे त्या शाळेत शिकल्या होत्या. त्यांनी सल्ला नाकारला. त्यांचे चरित्र वाचताना हा भाग सोपा वाटत नाही आणि तो सोपा करून सांगूही नये. अशा संसारात एका स्त्रीने वर्षानुवर्षे काय सोसले असेल याची कल्पना अनेक घरांतील माताभगिनींना सहज येईल. कोणत्याही स्त्रीने पतीचा छळ मुकाट्याने सोसावा असा धडा यातून काढणे म्हणजे व्हिक्तुआर यांच्यावर अन्याय ठरेल. निर्णय त्यांचा होता, तो त्यांनी सत्ताधीश सासऱ्यांच्या इच्छेविरुद्ध घेतला होता, आणि त्यात दुबळेपणाचा लवलेश नव्हता.

दुसरी परीक्षा १८६९ साली आली. राणी रानाव्हालोना दुसरी आणि पंतप्रधान यांनी प्रोटेस्टंट पंथाचा बाप्तिस्मा स्वीकारला आणि तोच दरबाराचा धर्म झाला. मान्यवर घराण्यांनी त्यांचे अनुकरण केले. व्हिक्तुआर यांच्यावर दबाव आला, वारसा काढून घेण्याच्या धमक्या मिळाल्या, कुटुंबाच्या थडग्यात जागा मिळणार नाही असेही बजावण्यात आले. मादागास्करच्या लोकांना पूर्वजांच्या थडग्याविषयी किती आस्था असते हे जो जाणतो त्यालाच या धमकीचे वजन कळेल. तेथे कुळाच्या थडग्याबाहेर पुरले जाणे म्हणजे कुळातूनच पुसले जाणे. व्हिक्तुआर मात्र रोज पहाटे मिस्सेला जात राहिल्या. दरबारातील स्थान त्यांनी सोडले नाही आणि श्रद्धाही सोडली नाही. गरीब, तुरुंगातील कैदी आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी त्यांचा हात सदैव सैल असे. आपल्या घरातील दासांनाही त्या मायेने वागवीत. देशातील गुलामगिरी अधिकृतपणे संपण्यास १८९६ साल उजाडावे लागले.

खरी कसोटी १८८३ साली लागली. फ्रान्सने मादागास्करवर युद्ध लादले. कॅथोलिक मिशनरी बहुतांशी फ्रेंच होते, त्यामुळे त्यांना मे महिन्यात देशाबाहेर काढण्यात आले. कॅथोलिक म्हणजे फ्रेंचांचा हस्तक, असा समज पसरला आणि भाविकांकडे देशद्रोही म्हणून पाहिले जाऊ लागले. धर्मगुरू नाहीत, धर्मभगिनी नाहीत, मिस्सा नाही. चर्चच्या बांधकामावर शुकशुकाट. निघताना धर्मगुरूंनी सारा कळप व्हिक्तुआर यांच्या स्वाधीन केला.

मिशनरी गेल्यानंतर चर्चची दारे भाविकांना बंद करण्याचा प्रयत्न झाला. व्हिक्तुआर दारापाशी गेल्या आणि पहारेकऱ्यांना त्यांनी स्पष्टपणे सुनावले की आत जाणाऱ्यांना अडवायचे असेल तर प्रथम आपला जीव घ्यावा लागेल. पंतप्रधानांच्या सुनेवर हात उगारण्याचे धाडस कोणास होणार! दारे उघडली गेली. त्या पंतप्रधानांनाही भेटल्या आणि कॅथोलिकांना प्रार्थनेचा हक्क आहे हे त्यांनी त्यांच्या गळी उतरविले. त्यांच्या नात्याचा येथे उपयोग झाला हे मान्य केलेच पाहिजे. पण तेच नाते वापरून त्यांना स्वतःपुरते सुख मिळविता आले असते, हेही तितकेच खरे.

त्यानंतरची जवळजवळ तीन वर्षे मादागास्करची ख्रिस्तसभा प्रापंचिकांच्या खांद्यावर उभी राहिली. व्हिक्तुआर यांच्या सोबतीला राफाएल-लुई राफिरिंगा हे तरुण धर्मबंधू होते. ते मूळचे याच देशाचे असल्याने हद्दपारीतून वाचले होते. कॅथोलिक युनियन या संघटनेतील युवक गावोगाव जाऊन धर्मशिक्षण देत. रविवारी भाविक एकत्र जमत, मिस्सेतील प्रार्थना आणि गीते म्हणत आणि धर्मगुरूंची उणीव मनात घेऊन घरी परतत. शाळा चालू राहिल्या. दूरच्या गावांतील समुदाय खचू लागले की व्हिक्तुआर त्यांना पत्रे लिहून धीर देत. आपल्या धर्मग्रामात एखाद्या रविवारी फादर आजारी पडले तर आपण किती अस्वस्थ होतो! येथे तर सबंध देशात मिस्सा नव्हती आणि ती पुन्हा कधी होईल हे कोणालाच ठाऊक नव्हते.

डिसेंबर १८८५ मध्ये तह झाला आणि १८८६ साली मिशनरी परतले. विस्कटलेला कळप गोळा करावा लागेल अशी त्यांची धारणा होती. प्रत्यक्षात कळप एकत्र होता. व्हिक्तुआर यांनी सूत्रे धर्मगुरूंच्या हाती दिली आणि त्या पुन्हा चर्चमधील आपल्या जागी जाऊन बसल्या. मला त्यांच्या चरित्रातील ही गोष्ट दाराशी झालेल्या प्रसंगाइतकीच मोठी वाटते. नेतृत्व मिळाल्यावर ते सोडणे किती जणांना जमते?

राद्रिआकाचा शेवट एका अपघातातील दुखापतीने झाला. मरणशय्येवर त्याने पत्नीची क्षमा मागितली आणि तिच्या हातून बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर व्हिक्तुआर वैधव्याच्या साध्या वेषात राहिल्या. कॅथेड्रल १८९० साली पूर्ण झाले ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले. २१ ऑगस्ट १८९४ रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. पुढल्याच वर्षी फ्रेंच सैन्य राजधानीत शिरले, राइनिलाइआरिव्होनी यांची सत्ता गेली आणि १८९६ साली अल्जियर्समध्ये हद्दपारीतच त्यांचे निधन झाले.

ज्या कुळाच्या थडग्यातून बाहेर ठेवण्याची धमकी व्हिक्तुआर यांना मिळाली होती, त्याच थडग्यात, आजोबा राइनिहारो यांच्या शेजारी, त्यांना समारंभपूर्वक पुरण्यात आले. विसाव्या शतकात त्यांचे अवशेष आंदोहालोच्या कॅथेड्रलपाशी आणण्यात आले. ३० एप्रिल १९८९ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी आंतानानारिव्हो येथेच त्यांना धन्यवादित म्हणून घोषित केले. बंधू राफिरिंगा यांना हा मान २००९ साली मिळाला. सप्टेंबर २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस मादागास्करला आले, तेव्हा कॅथेड्रलमध्ये बिशपांची भेट घेतल्यावर त्यांनीही या समाधीपुढे प्रार्थना केली.