बाईकच्या पोटातला फॅरेडे

मित्रांनो, आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये धक्का मारून सुरू होणारी एक तरी गाडी कायम असते. सेल्फ मारला की नुसती टकटक, हॉर्न म्हणजे मांजराचं म्याव, आणि हेडलाईट म्हणजे देवघरातली समई! आपण लगेच निकाल देऊन टाकतो, बॅटरी गेली. पण मुळात त्या बॅटरीला वीज येते कुठून? याचं उत्तर १८३१ मध्ये एका लोहाराच्या मुलाने शोधलं. त्याचं नाव मायकेल फॅरेडे. मी कॉन्व्हेंटवाला, त्यामुळे इलेक्ट्रोमॅग्नेटिक इंडक्शनला मराठीत विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणतात हे मला हा लेख लिहितानाच कळलं. शब्द जड आहे, पण माणूस अगदी आपल्यातला होता.

फॅरेडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, लंडनमधल्या न्यूइंग्टन बट्स भागातला. वडील लोहारकाम करायचे, पण तब्येतीची साथ नव्हती. १८०१ च्या महागाईत लहानग्या मायकेलला एक पाव मिळायचा आणि तो आठवडाभर पुरवावा लागायचा, असं त्याचे चरित्रकार सांगतात. शाळा म्हणजे लिहिणं, वाचणं आणि जेमतेम आकडेमोड. तेराव्या वर्षी तो जॉर्ज रिबो नावाच्या पुस्तकवाल्याकडे पोऱ्या म्हणून लागला आणि १८०५ पासून सात वर्षं तिथेच बुकबाइंडिंग शिकला. बांधायला आलेली पुस्तकं तो नुसती शिवायचा नाही, वाचायचाही. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातला विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट यांचं रसायनशास्त्राचं पुस्तक त्याने असंच वाचलं, आणि पोराला विज्ञानाचं वेड लागलं.

१८१२ मध्ये दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला सर हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. डेव्ही म्हणजे त्या काळचा स्टार शास्त्रज्ञ. फॅरेडेने चार व्याख्यानं ऐकली, नोट्स काढल्या, आकृत्या काढल्या, त्यांचं सुमारे ३०० पानांचं पुस्तक स्वतः बांधलं आणि डेव्हीकडे पाठवून दिलं. (आपण नोट्स झेरॉक्स करतो, तेही परीक्षेच्या आदल्या रात्री!) पुढे रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या एका मदतनिसाला मारामारीमुळे काढलं आणि मार्च १८१३ मध्ये ती जागा फॅरेडेला मिळाली.

पण गोष्ट इथे गोड होत नाही. त्याच वर्षी डेव्ही त्याला युरोपच्या दौऱ्यावर घेऊन गेला. डेव्हीचा नोकर ऐनवेळी आला नाही, म्हणून फॅरेडेला शास्त्राच्या कामासोबत हरकाम्याचंही काम करावं लागलं. डेव्हीची बायको त्याला नोकरासारखंच वागवायची. तो इतका वैतागला की सगळं सोडून परत यायच्या विचारात होता. तरी राहिला, कारण या दौऱ्यात त्याला ॲम्पियर आणि व्होल्टा भेटले. आज एकाच्या नावाने आपण करंट मोजतो आणि दुसऱ्याच्या नावाने व्होल्टेज.

१८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेडने दाखवलं की वायरमधून करंट गेला की जवळची होकायंत्राची सुई हलते. लगेच पुढच्या वर्षी फॅरेडेने करंट वाहणारी तार चुंबकाभोवती सतत फिरवून दाखवली. ही जगातल्या इलेक्ट्रिक मोटरची सुरुवात. पण त्याने वोलॅस्टन या ज्येष्ठ शास्त्रज्ञाची कल्पना नाव न घेता वापरली, अशी कुजबुज सुरू झाली. प्रामाणिक माणसाला हा डाग फार लागतो. १८२४ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो निवडला गेला तेव्हा विरोध कोणी केला असेल? खुद्द डेव्हीने!

आता त्याच्या डोक्यात उलटा प्रश्न होता. विजेपासून चुंबकत्व मिळतं, तर चुंबकापासून वीज का नाही? १८२२ मध्येच त्याने हे काम वहीत टिपून ठेवलं होतं. मधल्या वर्षांत अधूनमधून प्रयत्न केले, सगळे फसले. पण फसलेला प्रयोगसुद्धा तो वहीत लिहून ठेवायचा. त्याच्या वहीत पुढे क्रमांक दिलेले सोळा हजारांवर परिच्छेद झाले.

२९ ऑगस्ट १८३१. मऊ लोखंडाची सहा इंच व्यासाची कडी, तिच्यावर समोरासमोर गुंडाळलेल्या दोन कॉईल. एक बॅटरीला जोडलेली, दुसरी सुईच्या मीटरला. बॅटरी जोडताक्षणी सुई हलली आणि परत जागेवर आली. बॅटरी काढली, सुई उलट दिशेला हलली. करंट नुसता वाहत असताना मात्र काहीच नाही! इथेच सगळं गुपित होतं. चुंबक नुसता जवळ असून उपयोग नाही, बदल हवा. १७ ऑक्टोबरला त्याने कॉईलमध्ये चुंबक आत-बाहेर केला आणि वीज मिळाली. २८ ऑक्टोबरला चुंबकाच्या दोन टोकांमध्ये तांब्याची चकती फिरवून सतत करंट काढला. पहिला जनरेटर!

पुढच्याच वर्षी पॅरिसच्या पिक्सीने स्थिर कॉईलजवळ हाताने चुंबक फिरवणारं यंत्र बनवलं. आपल्या बाईकमध्ये नेमकं हेच आहे. क्रँकशाफ्टवर फिरणारा मॅग्नेट, आत गप्प बसलेली स्टेटर कॉईल. तिथून येते एसी. आरआर युनिट, म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायर, तिची डीसी करतं, व्होल्टेज आवरतं आणि बॅटरीला देतं.

आमच्या वर्गातला एक मित्र रोज गावाहून जुन्या बाईकवर येतो. मागच्या सेममध्ये त्याने चार महिन्यांत दोन बॅटऱ्या बदलल्या. दुसरीचे पैसे त्याने मेसच्या डिपॉझिटमधून काढले होते. तिसरीही उतरायला लागली तेव्हा तो गाडी विकायला निघाला. गाडी गेली की पहाटेची एसटी, आणि पहिलं लेक्चर कायमचं बुडालं. मग आम्ही लॅबमधून मल्टिमीटर मागून आणला आणि फॅरेडेसारखं एकेक गोष्ट तपासून वहीत लिहायचं ठरवलं.

आधी बॅटरी पूर्ण चार्ज करून घेतली. गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट. म्हणजे बॅटरी चांगली. गाडी सुरू करून, हेडलाईट लावून ४००० आरपीएमपर्यंत रेस केली. इथे १४ च्या वर हवं होतं, पण आकडा १२.९ वरच अडला. फ्यूज बघितला, ठीक. स्टेटरच्या तीन पिवळ्या वायरींचा कपलर काढला. कोणत्याही दोन वायरींमध्ये रेझिस्टन्स अगदी कमी आणि तिन्ही जोड्यांत सारखा. बॉडीशी मात्र एकही जोडलेली नाही. म्हणजे कॉईल जळलेली नाही, शॉर्टही नाही. कपलर काढलेलाच ठेवून गाडी रेस केली. तिन्ही जोड्यांवर सारखी एसी, ५० व्होल्टच्या वर. स्टेटर पास!

राहिलं आरआर युनिट. सगळे म्हणाले, बदलून टाक. पण वहीत एक ओळ अजून रिकामी होती, अर्थ. कपलर परत लावला, गाडी सुरू केली आणि मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं आरआर युनिटच्या अर्थच्या वायरीला लावलं. इथे जवळजवळ शून्य यायला हवं होतं, आलं १.३ व्होल्ट! म्हणजे आरआर युनिट बिचारं बरोबर १४.२ देत होतं, पण त्यातले १.३ वाटेतच संपत होते. चासीवरचा अर्थचा बोल्ट गंजला होता. पॉलिश पेपरने घासला, घट्ट केला. बॅटरीवर १४.२ व्होल्ट! खर्च, एक पॉलिश पेपर. आधीच्या दोन बॅटऱ्या मात्र हकनाक गेल्या होत्या.

मजा म्हणजे त्या गाडीत फॅरेडे फक्त स्टेटरमध्ये नाही. १८३३ मध्ये त्याने पाहिलं की सिल्व्हर सल्फाइड तापवलं की वीज जास्त वाहते, धातूंच्या अगदी उलट. सेमीकंडक्टरच्या वागणुकीची ही पहिली नोंद मानतात, आणि रेक्टिफायरचे डायोड त्याच जातीचे. बॅटरीत किती चार्ज गेला की किती रासायनिक बदल होतो, हा हिशेबही त्याच्याच १८३४ च्या नियमांचा.

आणि हे सगळं गणिताशिवाय! एम-थ्रीची केटी असलेल्यांनी इथे जरा ताठ बसावं. आपल्या समीकरणांऐवजी त्याने चुंबकाभोवतीच्या रेषा डोळ्यांसमोर आणल्या. पुढे मॅक्सवेलने त्या रेषा गणितात बसवल्या. (पण केटी सोडवावी लागतेच, कारण मॅक्सवेलही सिलॅबसमध्ये आहे.)

१८४० च्या सुमारास त्याची तब्येत ढासळली, स्मरणशक्ती दगा देऊ लागली. तरी तो कामाला लागलाच. १८३६ पासून तो दीपगृहांचा वैज्ञानिक सल्लागार होता. १८५८ मध्ये साउथ फोरलँडच्या दीपगृहात मॅग्नेटवर चालणाऱ्या जनरेटरचा दिवा लावून पाहिला, तेव्हा म्हातारा फॅरेडे स्वतः तपासायला होता. कडीतली क्षणभर हललेली सुई आता समुद्रातल्या जहाजांना वाट दाखवत होती.

सर ही पदवी त्याने नाकारली, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपदही नाकारलं. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्टच्या घरात तो गेला. हायगेटच्या स्मशानभूमीत त्याचा साधा दगड आहे.

मित्रांनो, त्याच्याकडे डिग्री नव्हती, गणित नव्हतं, पैसा नव्हता. होती फक्त एक वही, आणि तिच्यात न जमलेलंसुद्धा प्रामाणिकपणे लिहायची सवय. पार्ट बदलत सुटण्याआधी मोजा. आणि मोजलेलं लिहा, मीटर काहीच दाखवत नसला तरी!