अल्बर्ट मायकेलसन: प्रकाशाची मोजपट्टी करणारे शास्त्रज्ञ

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारली जात आहे. तिचे मुख्य उपकरण, म्हणजे व्यतिकरणमापी (इंटरफेरोमीटर), ज्या रचनेवर बेतलेले आहे ती अल्बर्ट अब्राहम मायकेलसन यांची.

मायकेलसन यांचा जन्म १९ डिसेंबर १८५२ रोजी तेव्हाच्या प्रशियातील स्ट्रेल्नो (आता पोलंड) येथे झाला. ते लहान असतानाच कुटुंब अमेरिकेत गेले. वडील खाणींच्या गावांत व्यापार करत. १८७३ मध्ये नौदल अकादमीतून पदवी घेतल्यावर काही वर्षांनी ते तिथेच शिकवू लागले आणि प्रकाशाचा वेग मोजण्यात गुंतले.

१८८१ मध्ये जर्मनीत त्यांनी आपला व्यतिकरणमापी वापरला. त्यात प्रकाशाच्या एका झोताचे दोन भाग करून ते काटकोनात पाठवतात. आरशांवरून परतून ते एकत्र आले, की उजळ आणि काळे पट्टे दिसतात. एक आरसा मिलिमीटरच्या सुमारे चार हजाराव्या भागाइतका हलला, तरी पट्टे एक घर सरकतात.

हे उपकरण होते ‘ईथर’ शोधण्यासाठी. प्रकाश या माध्यमातून प्रवास करतो, असा तेव्हा समज होता. १८८७ मध्ये एडवर्ड मॉर्ली यांच्यासह केलेल्या प्रयोगात पट्टे अपेक्षेप्रमाणे सरकले नाहीत. मायकेलसन यांना हे अपयश वाटले. पुढे तोच निष्कर्ष सापेक्षता सिद्धांताचा मोठा पुरावा मानला गेला.

उपकरण मात्र कामी आले. १८९२-९३ मध्ये पॅरिसजवळ त्यांनी मीटरची लांबी कॅडमियमच्या लाल प्रकाशाच्या तरंगलांबीत मोजली. ती १५,५३,१६३.५ तरंगांइतकी भरली. १९०७ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. विज्ञानातील नोबेल मिळवणारे ते पहिले अमेरिकी. ९ मे १९३१ रोजी पासाडेना येथे त्यांचे निधन झाले.

याच तत्त्वावर आज पृष्ठभागही तपासतात. उंचवटा किंवा खळगा असेल तिथे पट्टा वाकतो आणि किती वाकला त्यावरून उंची-खोली कळते. पृष्ठभागाला हात लावावा लागत नाही, त्यामुळे ओरखडाही पडत नाही. लायगोच्या आरशांचा सपाटपणा नॅनोमीटरच्या पातळीवर याच पद्धतीने पारखला जातो.

ईथर कधीच सापडला नाही. पण १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगोने पहिली गुरुत्वीय लहर टिपली, ती मायकेलसन यांच्याच रचनेने. हिंगोलीत त्या रचनेच्या दोन्ही भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांब असतील.