महाबळेश्वरची वाट बांधणारे छत्रपती

उन्हाळ्याच्या सुटीत महाबळेश्वरला जायचे, हा बेत सातारा-सांगलीकडच्या अनेक घरांत होळीच्या सुमारासच ठरतो. वर्षभर भिशीत टाकलेले पैसे हाती येतात, खोल्यांची चौकशी होते, कोणत्या घाटाने चढायचे यावर चर्चा रंगते आणि पाऊस सुरू होण्याआधी चार दिवस गाठले जातात. हवापालटासाठी पदरचे पैसे बाजूला ठेवण्याची ही रीत आता इतकी अंगवळणी पडली आहे, की ज्या डोंगरावर जायचे तिथवर चाकाची वाट कोणी नेली, त्यासाठी कोणाची तिजोरी खर्ची पडली, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. तो खर्च मुख्यतः केला एका मराठी राजाने. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज हे त्यांचे नाव. त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातले सर्वांत मोठे दोन प्रवास मात्र पहाऱ्यात झाले.

प्रतापसिंहांचा जन्म १७९३ सालचा. वडील दुसरे शाहू छत्रपती १८०८ मध्ये निवर्तले आणि पंधरा वर्षांचे प्रतापसिंह गादीवर बसले. गादी शिवछत्रपतींची होती, पण सत्ता पुण्यात पेशव्यांकडे होती. साताऱ्याच्या किल्ल्यावरील राजकुटुंबाचे जिणे नजरकैदेचेच होते. खर्चाला किती मिळावे, कोणी भेटावे, कोठे जावे, या सर्व गोष्टी दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून. इंग्रजांशी अखेरचे युद्ध पेटले तेव्हा राजकुटुंबातील काही मंडळी जावळीच्या निबिड अरण्यातील वासोटा किल्ल्यावर अडकली. प्रतापसिंह, त्यांच्या मातोश्री आणि बंधू यांना दुसऱ्या बाजीरावांच्या पळत्या लष्कराबरोबर मुक्काम दरमुक्काम फिरावे लागले. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईत ते इंग्रजांच्या हाती आले, तेव्हा ही फरफट थांबली. तरुण छत्रपतींच्या वाट्याला आलेला पहिला मोठा प्रवास असा होता.

एप्रिल १८१८ मध्ये साताऱ्यास त्यांना पुन्हा गादीवर बसविण्यात आले. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने राज्याच्या सीमा ठरल्या. उत्तरेला नीरा, दक्षिणेला वारणा आणि कृष्णा, पश्चिमेला सह्याद्री, तर पूर्वेला पंढरपूर-विजापूरच्या बाजूचा मुलूख, असा हा प्रदेश होता. आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा आणि खानापूर हे भाग तेव्हा सातारा राज्यात मोडत. जतचे डफळे आणि आटपाडी राखून असलेले औंधचे पंतप्रतिनिधी हे साताऱ्याचे जहागीरदार होते. खुद्द सांगली शहर मात्र पटवर्धनांच्या स्वतंत्र संस्थानात होते. पुढे १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे प्रतापसिंहांची कहाणी आजच्या दोन्ही जिल्ह्यांची आहे.

पहिली काही वर्षे कारभार कॅप्टन जेम्स ग्रँट डफ यांच्या हाती होता. मराठ्यांचा इतिहास लिहिणारे हेच ते डफ. राज्याचे हिशेब, वसुली आणि न्यायदान यांचे शिक्षण राजांना त्यांच्या देखरेखीखाली मिळाले आणि ५ एप्रिल १८२२ रोजी कारभार त्यांच्या स्वाधीन झाला. दुसऱ्याने मोजून दिलेल्या नेमणुकीवर वाढलेल्या या माणसाच्या हाती प्रथमच स्वतःचा वसूल आला होता. अशा वेळी दोन मार्ग मोकळे असतात. हौसमौज आणि डामडौल हा एक, तर तिजोरी भरीत राहण्याचा दुसरा. प्रतापसिंहांनी तिसराच धरला. वसुलातून उरेल ते पुढच्या पिढ्यांना उपयोगी पडेल अशा कामांत घालायचे, असे त्यांच्या सतरा वर्षांच्या कारकिर्दीचे सूत्र दिसते.

मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन साताऱ्यास आले तेव्हा दरबारातील थाटापेक्षा राजांच्या खासगी बैठकीची खोली त्यांच्या मनात अधिक भरली. हिरव्या मखमलीने आच्छादलेले एक टेबल, एक खुर्ची आणि तेथे बसून स्वतःच्या हाताने पत्रे व रोजनिशी लिहिणारा शिवाजी महाराजांचा वंशज, एवढेच त्या खोलीत होते. राजे रोजच्या घडामोडी नोंदवून ठेवीत. आज काय झाले हे लिहून ठेवणारा माणूस उद्याचाही विचार करीत असतो. त्याचा प्रत्यय साताऱ्याच्या रचनेत येतो. यवतेश्वरच्या डोंगरातून शहरात पाणी आणले गेले, रुंद रस्ते आखले गेले, नवी पेठ वसली. आजची प्रतापगंज पेठ त्यांचेच नाव सांगते. १८२४ मध्ये राजवाडा उभा राहिला. साताऱ्यात छापखाना निघाला, शिक्षणाची सोय झाली.

याच सुमारास साताऱ्याच्या पश्चिमेकडील डोंगर नव्या नजरेने पाहिला जाऊ लागला. महाबळेश्वर हे क्षेत्र काही अज्ञात नव्हते. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे उगमस्थान म्हणून शतकानुशतके तेथे यात्रेकरू येत. शिवाजी महाराजांनी १६६५ मध्ये याच ठिकाणी जिजाऊंची सुवर्णतुला केली होती. दर बारा वर्षांनी गुरू कन्या राशीत आला की कृष्णाकाठी कन्यागताची पर्वणी लागते आणि उगमापासून वाई, माहुली, कऱ्हाड, औदुंबर, सांगली ते नृसिंहवाडीपर्यंत भाविक स्नानाला लोटतात. जुन्या काळी अशा यात्रेचा बेत ही वर्ष-दोन वर्षांची तयारी असे. गाठीला पैसा जमवायचा, शिधा बांधायचा, सोबत शोधायची, घरदार शेजाऱ्यांवर सोपवायचे आणि पायी निघायचे. प्रवासासाठी बचत करणे ही गोष्ट या मुलखाला नवी नव्हती. केवळ थंड हवेसाठी आणि विश्रांतीसाठी डोंगर चढायचा, ही कल्पना मात्र नवी होती.

१८२४ मध्ये साताऱ्याच्या छावणीतील अधिकारी पीटर लॉडविक हा डोंगर पालथा घालून आले. ज्या टोकावर ते पोहोचले, ते आज लॉडविक पॉइंट म्हणून ओळखले जाते. पुढे रेसिडेंट जॉन ब्रिग्ज यांनी साताऱ्याहून या पठारापर्यंत गाडीरस्ता करण्याचा आग्रह राजांकडे धरला. राजांनी तो मान्य केला आणि रस्ता बांधून दिला. वाचायला हे वाक्य सोपे आहे. पण सुमारे साडेचार हजार फूट उंचीच्या पठारावर, सह्याद्रीच्या मुसळधार पावसात टिकेल असा रस्ता खोदणे ही त्या काळात एका लहान राज्याच्या दृष्टीने मोठी गुंतवणूक होती. पावसाळ्याचे चार महिने काम बंद. उरलेल्या महिन्यांत माणसे, जनावरे, धान्य आणि दगड यांची जुळवाजुळव आधीपासून करावी लागे. एक हंगाम चुकला तर पुढचे वर्ष उजाडे. शिवाय रस्ता झाला म्हणून भागत नाही. प्रत्येक पावसाळ्यानंतर त्याची डागडुजी आली, म्हणजे दरवर्षी त्यासाठी रक्कम बाजूला काढणे आले.

१८२७ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झालेले सर जॉन माल्कम पुढच्याच वर्षी या पठारावर आले आणि आजारी सैनिकांसाठी आरोग्यधाम व सरकारी मंडळींसाठी उन्हाळी मुक्काम येथेच करावा, असे त्यांनी ठरविले. मे १८२९ मध्ये करार झाला. राजांनी महाबळेश्वरचा परिसर कंपनी सरकारला दिला आणि त्याच्या मोबदल्यात वाईकडील खंडाळा हे गाव घेतले. नव्या वस्तीसाठी बाजारपेठ वसविण्याचे कामही राजांनी केले. त्या पेठेला त्यांनी आपले नाव दिले नाही, पाहुण्याचे दिले. ती माल्कम पेठ झाली. मुंबईकर मंडळी समुद्रमार्गे महाडच्या बाजूला उतरून घाट चढू लागली, पुण्याकडची मंडळी वाईवरून येऊ लागली. बंगले उठले, पालखीवाहक भोयांना आणि बैलवाल्यांना हंगामी काम मिळाले. तेथे ठेवलेल्या चिनी कैद्यांनी बटाटे आणि भाजीपाला पिकवण्यास सुरुवात केली. तो हंगामी बाजार आजही परिसरातील शेकडो कुटुंबांचे पोट भरतो.

राजांच्या या कामांची वार्ता लंडनपर्यंत पोहोचली. १८३५ मध्ये कंपनीच्या संचालक मंडळाने त्यांच्या लोकोपयोगी कारभाराचा गौरव म्हणून रत्नजडित तलवार आणि अभिनंदनाचे पत्र पाठविण्याचे ठरविले. ही तलवार त्यांच्या हाती कधीच पडली नाही. तहाने मान्य झालेला जहागीरदारांवरचा अधिकार राजे सोडायला तयार नव्हते आणि मुंबई सरकारला तो खुपत होता. १८३६ पासून त्यांच्याविरुद्ध आरोपांची मालिका सुरू झाली. देशी शिपायांना फितविले, गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधले, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार केला, असे ते आरोप होते. ऑगस्ट १८३९ मध्ये गव्हर्नर सर जेम्स कारनॅक साताऱ्यास आले. दोष कबूल केल्याच्या कागदावर सही करा आणि राज्य राखा, असा मार्ग त्यांनी पुढे ठेवला. न केलेल्या अपराधाची कबुली देण्यास प्रतापसिंहांनी नकार दिला.

सप्टेंबर १८३९ च्या पहिल्या आठवड्यात त्यांना पदच्युत करून राजवाड्यातून बाहेर नेण्यात आले. जवळच्या लिंब गावी काही काळ ठेवल्यानंतर काशीचा रस्ता धरावा लागला. हा त्यांचा दुसरा मोठा प्रवास. महिनोन्महिने चाललेल्या त्या वाटेवर त्यांचे आप्त बाळासाहेब सेनापती मरण पावले. ज्या राजाने इतरांसाठी प्रत्येक टप्पा आधी योजून ठेवला होता, त्याला स्वतःच्या प्रवासाचा एकही मुक्काम ठरवता आला नाही. त्यांच्या खासगी मालमत्तेचा प्रश्नही वर्षानुवर्षे वादात राहिला.

न्याय मिळावा म्हणून रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. त्या परक्या शहरात त्यांनी सुमारे चौदा वर्षे काढली. भाषणे दिली, पत्रके छापली, संचालकांच्या दारात खेटे घातले. पैशाचा ओघ आटत गेला, कर्ज वाढत गेले आणि १८५३ मध्ये ते रिकाम्या हातांनी परतले. ज्यांच्यासाठी ते झगडत होते, ते छत्रपती १४ ऑक्टोबर १८४७ रोजी काशीतच निवर्तले होते. त्यांच्या जागी बसविलेले बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांनी १८४२ मध्ये महाबळेश्वरला वेण्णा तलाव बांधून थोरल्या भावाच्या कामात भर घातली. पण एप्रिल १८४८ मध्ये तेही गेले आणि लॉर्ड डलहौसी यांनी दत्तक नामंजूर करून सातारा राज्य खालसा केले.

हिशेब मांडायचा तर प्रतापसिंहांच्या हाती अखेरीस काही उरले नाही. गादी गेली, मुलूख गेला, मानाची तलवार वाटेतच राहिली. मात्र वसुलातून वाचवून जे त्यांनी दगडात, पाण्यात आणि वाटेत घातले, ते कोणाला खालसा करता आले नाही. त्यांनी बांधलेल्या राजवाड्यात पुढे सरकारी शाळा भरू लागली आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव रामजी आंबेडकर हा विद्यार्थी तेथे दाखल झाला. आज ती शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते.

महाबळेश्वरच्या बहुतेक पॉइंट्सना मात्र अजून साहेबांची नावे आहेत. एल्फिन्स्टन, लॉडविक, आर्थर यांच्या टोकांवर उभे राहून पर्यटक छायाचित्रे काढतात. सातारा-सांगलीकडून मेढा-केळघरमार्गे सुटीला निघालेल्या कुटुंबांनी घाट चढताना काशीला गेलेल्या त्या राजाची क्षणभर आठवण ठेवली, तरी पुरे आहे. यंदाच्या सहलीसाठी त्यांनी साठवलेल्या रकमेत जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीची एक मोठी वर्गणी आधीच जमा आहे.