मळसूत्राचा कारागीर : हेन्री मॉड्सले

पुष्कळ जुन्या लेथांत चक हा स्पिंडलच्या टोकावरील आट्यांवर फिरवून बसविलेला असतो. काम चालू असतां हत्याराचा जोर त्यास अधिकच आवळतो. तो वर्षानुवर्षें तसाच राहिला व आंत कीस आणि गंज सांचला, म्हणजे उतरविणें मोठें जिकिरीचें होतें. अननुभवी मनुष्य हातोडा घेऊन चकाच्या जबड्यांवर घाव घालूं लागतो, किंवा दांतेरी चाकें अडकवून सारें बळ लावतो; मग चक जागचा हलत नाहीं, बिडाच्या चाकाचे दांत मात्र मोडतात. जाणता कारागीर सांध्यांत पातळ तेल सोडून रात्रभर वाट पाहतो. दुसऱ्या दिवशीं तो चकाच्या अंगास थोडी ऊब देतो, म्हणजे चक किंचित् प्रसरण पावतो व स्पिंडल गार राहतो. नंतर मागील बाजूच्या जबड्याखालीं लांकडाचा ठोकळा ठेवून तो स्पिंडल हातानें उलटा फिरवितो. जबडा ठोकळ्यावर अडतांच आटे सुटतात. हें साधतें, कारण आंतले व बाहेरचे आटे एकमेकांशीं खरे असतात.

लोखंडी मळसूत्रास हा खरेपणा आणण्यांत ज्याचा वांटा फार मोठा, त्या पुरुषाचें चरित्र आम्ही वाचकांस, विशेषतः ज्यांचे चिरंजीव हातांत कानस धरूं लागले आहेत त्या पालकांस, सादर करीत आहों.

हेन्री मॉड्सले ह्याचा जन्म इंग्लंडांत वुलिच येथें ता. २२ ऑगस्ट १७७१ रोजीं झाला. बाराव्या वर्षीं तो तेथील सरकारी शस्त्रागारांत काडतुसांत दारू भरण्याच्या कामास लागला. पुढें त्यास सुतारशाळेंत घातलें. पण त्याचें चित्त लोहारशाळेकडे लागलेलें, व पंधराव्या वर्षीं त्याची तिकडे रवानगी झाली. १७८९ च्या सुमारास लंडनांतील प्रसिद्ध कुलूपकार जोसेफ ब्रामा ह्यानें त्यास आपल्या पदरीं घेतलें. ब्रामाचें कुलूप इतक्या बारीक घडणीचें होतें कीं निव्वळ हातानें तें बनविणें परवडेना. त्याचे भाग कापण्याचीं यंत्रें मॉड्सलेनें तयार केलीं. दुकानाच्या खिडकींत ब्रामानें एक कुलूप मांडून तें उघडणारास २०० गिन्यांचें बक्षीस लावलें होतें. तें १८५१ पर्यंत कोणासही उघडतां आलें नाहीं.

मॉड्सले तेथें मुख्य कारागीर झाला, त्यानें संसार मांडला. वेतन मात्र आठवड्यास ३० शिलिंगांपुढें सरकेना. त्यानें वाढ मागितली. धन्यानें ती नाकारली. ब्रामा हा थोर शोधक होता ह्यांत शंका नाहीं, परंतु थोड्या शिलिंगांपायीं आपण काय घालवीत आहों हें त्यास उमगलें नाहीं असें आम्हांस वाटतें. १७९७ त मॉड्सलेनें नोकरी सोडून वेल्स स्ट्रीटवर स्वतःचें लहानसें दुकान थाटलें.

त्या काळीं प्रत्येक बोल्ट व त्याचा नट हें एक स्वतंत्र जोडपें असे. यंत्र उकललें कीं कोणता नट कोणत्या बोल्टाचा ह्याच्या खुणा करून ठेवाव्या लागत. एक हरवला तर दुसरा बसत नसे. कातारी हत्यार हातांत धरी, आणि हात तो हातच. मॉड्सलेनें हत्यार सरकत्या बैठकीवर पक्कें बसविलें, ती बैठक एका लांब मळसूत्रानें पुढें नेली, व तें मळसूत्र दांतेरी चाकांनीं स्पिंडलशीं जोडलें. चाकें बदललीं कीं आट्यांचें अंतर बदले. ह्यांपैकीं एकेक युक्ति पूर्वीं इतरांनींही योजिली होती. परंतु सर्व लोखंडांत, एकत्र व बिनचूक उतरविणें हें त्याचें काम. त्यानें कापलेलें एक मळसूत्र ५ फूट लांब व २ इंच व्यासाचें होतें. त्यास दर इंचीं ५० आटे होते, आणि त्याच्या १२ इंची नटांत ६०० ! मापाच्या वादाचा निकाल लावण्यासाठीं त्यानें एक सूक्ष्ममापक केला होता. तो इंचाचा दहाहजारावा भाग दाखवी. कारखान्यांत त्यास थट्टेनें लॉर्ड चॅन्सेलर म्हणत, कारण त्याच्यापुढें अपील नव्हतें.

पोर्ट्समथच्या आरमारी गोदींत गलबतांच्या कप्प्या करण्याचीं यंत्रें मार्क ब्रुनेल ह्यानें योजिलीं व मॉड्सलेनें घडविलीं. ११० कारागिरांचें काम त्यांवर १० माणसें करूं लागलीं. १८०८ त तेथें १,३०,००० कप्प्या निघाल्या. त्या शंभरांचें पुढें काय झालें हा प्रश्न आमच्या मनांत उभा राहतो. यंत्राच्या स्तुतिपाठकांस तो सहसा सुचत नाहीं.

१८१० त कारखाना लँबेथ येथें गेला. रिचर्ड रॉबर्ट्स, जोसेफ क्लेमेंट, जेम्स नॅस्मिथ, जोसेफ व्हिटवर्थ हे सर्व तेथें काम करून गेलेले. धन्यानें एका कारागिराची मागणी नाकारली, आणि त्याच कारागिराच्या छपराखालीं पुढील पिढी तयार झाली. साऱ्या देशांत आटे एका मापाचे असावे अशी योजना व्हिटवर्थनें १८४१ त मांडली.

ती पाहावयास मॉड्सले उरला नव्हता. फ्रान्सहून परततांना त्यास थंडी बाधली, व ता. १४ फेब्रुवारी १८३१ रोजीं त्याचें देहावसान झालें. वुलिचच्याच भूमींत त्यास पुरलें. त्याचा १८०० च्या सुमाराचा मळसूत्र कापण्याचा लेथ लंडनच्या सायन्स म्यूझियमच्या संग्रहांत आहे.